पगाराची चिठ्ठी आणि माझ्यावर अवलंबून असलेली माणसं

(महिला दिनानिमित्त वसईत झालेल्या बायकांच्या मेळाव्यातलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मला माइकसमोर उभं राहायची सवय नाही. वालीवच्या एका गाळ्यात मी नऊ वर्षं पॅकिंगला होते. पुढे हिशेब लिहिणारा मुलगा सोडून गेला आणि बारावी शिकलेली म्हणून मला त्याच्या टेबलावर बसवलं. म्हणून भाषण येत नसलं तरी हिशेब येतो. आज तोच मांडणार आहे.

आधी मला सांगा, तुमच्यातल्या कितीजणींना पगाराची चिठ्ठी मिळते? हात वर करा. बरं. आता ज्यांचे हात वर आहेत त्यांनीच सांगायचं, ती चिठ्ठी तुम्ही स्वतः कधी पूर्ण वाचलीत? बघा, किती हात खाली आले! आपण सगळ्यात खालचा आकडा बघतो. हातात किती पडले? त्यातून भाडं किती, फी किती, लोकलचा पास किती, हा हिशेब गाडीत चढायच्या आत डोक्यात झालेला असतो. मधल्या रकान्यांत काय कापलं, ते शेठला आणि सुपरवायझरला माहीत.

मी असं म्हणते की कापलेल्या प्रत्येक रुपयामागे आपला एकेक हक्क आहे. रुपया कापला गेला आणि हक्क घेतला नाही, तर ती कपात नाही, नुकसान आहे. आणि या चिठ्ठीमागच्या फॉर्मांवर एक प्रश्न असतो, 'तुमच्यावर कोण अवलंबून आहे?' जन्मभर आपलं नाव दुसऱ्याच्या फॉर्मवर लिहिलं गेलं. रेशनकार्डावर आधी बापाच्या खाली, मग नवऱ्याच्या खाली. इथं पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला विचारतं की बाई, तुझ्या कमाईवर कोण जगतं? त्याचं उत्तर आपण नीट देत नाही. मीही दिलं नव्हतं. ते पुढे सांगते. आधी चिठ्ठी.

चिठ्ठीत काय असतं

फळ्यावर लिहिते. एका बाईचा महिन्याचा पगार १६,००० धरू. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,०००. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला पीएफ, या १२,००० वर १२ टक्के. झाले १,४४०. राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, पूर्ण पगारावर पाऊण टक्का. १६,००० वर १२० रुपये. हातात राहिले १४,४४०. जून आणि डिसेंबरच्या चिठ्ठीत कामगार कल्याण निधीचे २५ रुपये आणखी दिसतील.

ही झाली आपली बाजू. आता चिठ्ठीत बहुतेक वेळा न दिसणारी बाजू. आपले १,४४० तसे मालकानेही १,४४० भरायचे. त्यातला काही भाग पेन्शनला जातो. ईएसआयला आपले १२०, तर मालकाचे सव्वातीन टक्क्यांनी ५२०. म्हणजे जी बाई "मला नको पीएफ-बीएफ, रोख द्या सगळं" असं म्हणते, ती आपले १,५६० हातात घेते आणि मालकाचे १,९६० त्याला सोडून देते. शेठ हसत हसत हो म्हणतो, ते काय उगाच?

आणि १२० रुपयांत काय मिळतं? आजारपणात घरी बसावं लागलं तर पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कामावर अपघात झाला तर त्याचं वेगळं. बाळंतपणात पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे भरपगारी रजा, वर्गणीचे ठरलेले दिवस भरलेले असतील तर. आणि घरच्या माणसांचं औषधपाणी. २०१७ पासून २१,००० पर्यंतच्या पगाराला ही योजना लागू केलेली आहे.

एक मात्र बघायचं. कापले म्हणजे भरले असं नव्हे. पीएफचा तो बारा आकडी नंबर घ्या, मोबाइलवर पासबुक उघडा आणि महिन्यामागून महिना रक्कम पडते का ते बघा. आपल्या पगारातून कापून ते न भरणं हा साधा उशीर नाही, तो फौजदारी विश्वासघात ठरतो. हे वाक्य पाठ करून ठेवा. गाळ्यात एकदा शांतपणे म्हटलं तरी पुष्कळ काम होतं.

दोनशे रुपयांची गोष्ट

आता चिठ्ठीतला एक रकाना, 'पी.टी.' म्हणजे व्यवसाय कर. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. घटनेनेच या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे, त्याहून जास्त कोणाकडूनच घेता येत नाही.

मार्च २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात जाहीर झालं की १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या बाईला हा कर नाही. त्याआधी ही मर्यादा १०,००० होती. मी हिशेबाच्या टेबलावर होते म्हणून मला कळलं. पण शेजारच्या एका गाळ्यात १४,००० पगाराच्या सतरा बायकांचे पुढे आठ महिने २०० रुपये कापले जात होते. संगणकात जुनंच बसवलेलं होतं म्हणे. सतराजणींचे आठ महिन्यांचे २७,२०० रुपये! त्या बायका मालकाकडे गेल्या तेव्हा "सरकारला भरले, आता काय करू?" असं उत्तर मिळालं. पुन्हा गेल्या, लेखी दिलं, तेव्हा दिवाळीनंतर दोन हप्त्यांत पैसे परत आले. लेखी दिलं म्हणून आले.

याच कायद्यात आणखी एक सूट आहे, ती फारजणींना माहीत नाही. ज्या आईबापाचं मूल अपंग किंवा मतिमंद आहे त्यांना हा कर माफ आहे. पगार कितीही असो. प्रमाणपत्र कार्यालयात द्यावं लागतं, न देता कोणी आपणहून सोडत नाही. आपल्या इथं अशा मुलांच्या आया नोकरी करून, मुलाला शेजारी ठेवून, विरार लोकलला लटकून घर चालवतात. २,५०० रुपये म्हणजे त्या मुलाच्या काही महिन्यांच्या गोळ्या.

पण मैत्रिणींनो, कर म्हणजे लूट असं मी म्हणणार नाही. हा व्यवसाय कर आला कुठून, ते ऐका. १९७२ चा दुष्काळ आपल्या आयांनी पाहिला. बाया खडी फोडायला गेल्या, तलावाची माती वाहिली. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली महाराष्ट्राने नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर हा कर बसवला. जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडची घालायची, असं ठरलं. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क झाला. म्हणजे मुंबईतल्या आणि वसईतल्या चिठ्ठीतून कापलेल्या रुपयांतून जव्हार-मोखाड्याच्या बाईची मजुरी निघत होती. आपल्याच जिल्ह्यातली ती बाई. तेव्हा पालघर वेगळा जिल्हा नव्हता, २०१४ साली झाला. तर कर द्यायचा तेव्हा ताठ मानेनं द्यायचा आणि हिशेब मागायचा. नसलेला कर मात्र एक पैसा द्यायचा नाही.

फी की पगार?

आयकराचं थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या फारच थोड्याजणींना तो लागतो. २०२५-२६ च्या वर्षासाठी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही आणि नोकरदाराला १२ लाख ७५ हजारांच्या पगारापर्यंत सूट मिळून कर शून्यावर येतो. अमेरिकेत गेलेल्या आपल्या वसईच्या मुली सांगतात की तिथं नोकरी लागली की फॉर्मवर मुलं किती, अवलंबून कोण, हे लिहून द्यायचं आणि त्यावरून पगारातला कर कमीजास्त कापतात. आपल्याकडे आयकरात तसं सरसकट नाही. जुनी पद्धत निवडली तर आईवडिलांच्या आरोग्य विम्याची, घरातल्या अवलंबून असलेल्या अपंग माणसाची वजावट मिळते, नव्या पद्धतीत ती मिळत नाही. आपल्याकडची एक गोष्ट मात्र चांगली आहे. बाईच्या पगारावरचा कर बाईचा एकटीचा. तिचा पगार नवऱ्याच्या उत्पन्नात मिसळून धरत नाहीत.

पण टीडीएसचा एक सापळा आहे. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे आली. तपासणीच्या एका लॅबमध्ये रोज नऊ तास, महिना २२,०००. हातात १९,८०० पडायचे. म्हणाली, "ताई, टॅक्स कापतात." मी म्हटलं, तुला कसला टॅक्स? तिच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा काढला. तिचा कर पगार म्हणून कापलेलाच नव्हता. 'व्यावसायिक फी' म्हणून १० टक्के कापला होता. वर्षाचे २६,४००. कागदावर ती मुलगी नोकर नव्हतीच, ती जणू स्वतंत्र सल्लागार होती! हजेरी लावणारी, सुट्टी मागून घेणारी, उशीर झाला की बोलणी खाणारी सल्लागार.

विवरणपत्र भरल्यावर तिचे ते पैसे परत मिळाले, कारण तिचं उत्पन्न करपात्रच नव्हतं. पण खरं नुकसान ते नव्हतं. फी म्हटलं की पीएफ नाही, ईएसआय नाही, बाळंतपणाची रजा नाही. कर कोणत्या नावाखाली कापला, त्यावरून कळतं की मालक तुम्हाला कामगार मानतो की नाही. १९६१ च्या कायद्यात पगाराचं कलम १९२ आणि फीचं १९४जे. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याची तारीख, कलमांचे आकडे त्यात बदलले, पण पगार आणि फी यांतला फरक तोच. तुमच्या ओळखीच्या लॅबमधल्या, क्लासमधल्या, दवाखान्यातल्या मुलींना हा उतारा काढायला सांगा. तो उतारा हा उद्याच्या लढाईतला पुरावा आहे.

माझ्या कार्डावर माझी आई

आता माझं सांगते.

२०१२ साली मी कामाला लागले तेव्हा कंत्राटदाराच्या माणसाने ईएसआयचा फॉर्म भरला. मी समोर उभी. त्याने विचारलं, "नवरा? मुलं?" मी नावं सांगितली. सही केली. झालं. पुढे २०१६ मध्ये वडील गेले आणि आई माझ्याकडे आली, नालासोपाऱ्याच्या एका खोलीत. भाऊ आहे, पण त्याचं त्यालाच पुरत नाही. मी त्या माणसाला विचारलं, आईचं नाव कार्डावर घालता येईल का? तो म्हणाला, "लग्न झालेल्या बाईच्या कार्डावर माहेरचं कोणी लागत नाही."

मी खरं मानलं. का मानलं? कारण घरी आईही तेच म्हणत होती. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं ऐकत वाढलेली बाई ती. माझ्याकडे राहायची, पण पाहुणी असल्यासारखी. शेजारणीला सांगायची, "चार दिवस आलेय." चार दिवसांची तीन वर्षं झाली. तिचं नाव 'मुलीवर अवलंबून' असं सरकारी कागदावर लिहायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं असतं. म्हणून मीही फार लावून धरलं नाही.

२०१९ च्या पावसात आमच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. आई त्यात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. खासगी दवाखान्यात ऑपरेशन केलं. माझ्या बांगड्या गहाण पडल्या, नवऱ्याने उचल घेतली, थोरलीचा क्लास बंद झाला. ते कर्ज फिटायला दोन वर्षं गेली. त्या सगळ्या महिन्यांत माझ्या पगारातून ईएसआय कापला जात होता.

पुढे युनियनमधल्या एका ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं की १९४८ च्या ईएसआय कायद्यातल्या 'कुटुंबा'त अवलंबून असलेले आईवडील होतेच. त्यांचं उत्पन्न सरकारने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नसावं, एवढीच अट. ते मुलाचे की मुलीचे, मुलीचं लग्न झालंय की नाही, असा भेद त्यात नव्हता. त्या माणसाने कायदा सांगितला नव्हता, रूढी सांगितली होती. आणि मी ती कायदा म्हणून ऐकली.

आपल्या शेजारच्या कल्याणचीच गोष्ट आहे. एका वडिलांनी आपल्या लग्न झालेल्या डॉक्टर मुलीकडे पोटगी मागितली. ती म्हणाली, मुलीवर ही जबाबदारी नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्वाह करता न येणाऱ्या आईबापाला पोसण्याची जबाबदारी मुलीवरही आहे, लग्न झालेली असली तरी. मी म्हणते, जबाबदारी आमच्यावर, तर कार्डावरचा रकानाही आमचा!

मी फॉर्म भरला, आईचा फोटो लावला. कार्ड आलं तेव्हा ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "तुझ्या नावाखाली माझं नाव?" मी म्हटलं, हो. ती काही बोलली नाही. आता दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दवाखान्यात ती एकटी जाते आणि खिडकीपाशी सांगते, "लेकीच्या कार्डावर आहे." शेजारणीला मात्र अजून चार दिवस आलेयच सांगते.

सासू-सासरे आणि 'किंवा'

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्याबद्दल आपले पुष्कळ आक्षेप आहेत, त्यावर वेगळं बोलू. सामाजिक सुरक्षा संहितेत कुटुंबाची जी व्याख्या आहे, तिच्यात बाई कामगाराच्या अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांनाही धरलं आहे. चांगलं झालं. कितीतरीजणी सासू-सासऱ्यांना सांभाळतातच. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, तिथं 'किंवा' नाही. आईवडील, सासू-सासरे धरून, असं आहे. घरी कोणी म्हणालं की तुझ्या कार्डावर आता आमचं नाव घाल आणि तुझ्या आईचं काढ, तर काढायची गरज नाही. दोन, पुरुष कामगाराच्या सासू-सासऱ्यांना मात्र धरलेलं नाही. म्हणजे सुनेने सासूला सांभाळायचं हे कायद्याला सुचतं, जावयाने सासूला सांभाळायचं हे सुचत नाही. ही मागणी आपण लिहून ठेवू या.

आणि शेवटचं, पीएफचं. आपल्यामागे ते पैसे कोणाला? १९५२ च्या योजनेत बाईचं कुटुंब म्हणजे नवरा, मुलं, तिच्यावर अवलंबून असलेले आईवडील, नवऱ्याचे अवलंबून असलेले आईवडील, आणि मुलगा गेलेला असेल तर त्याची बायकोमुलं. तिथंच एक तरतूद आहे. बाईने पीएफ आयुक्तांना लेखी कळवलं की नवऱ्याला माझ्या कुटुंबातून वगळा, तर तो वगळला जातो. त्याला कोर्टाची पायरी लागत नाही. टाकून दिलेल्या, मार खाऊन बाहेर पडलेल्या, दहा-दहा वर्षं वेगळ्या राहणाऱ्या आपल्या किती मैत्रिणींच्या पीएफवर आजही त्या नवऱ्याचं नाव आहे! पेन्शनचे नियम वेगळे आहेत, पण निधीच्या पैशांपुरता हा एक कागद पुरतो. संहितेमुळे या योजना नव्याने लिहायचं ठरलं आहे. त्या लिहिताना ही ओळ गळू नये, यासाठी आपल्याला जागं राहावं लागेल.

मी हिशेब लिहिणारी बाई, म्हणून शेवटी कामाची यादी देते. पगाराची चिठ्ठी मागा, संहितेप्रमाणे ती देणं मालकाला बंधनकारक आहे. देत नसेल तर लेखी मागा. पीएफचं पासबुक आणि कराचा उतारा बघा. पगार २५,००० पर्यंत असेल आणि पी.टी. कापत असतील तर तारखेसकट परत मागा. आणि ईएसआयच्या कार्डावर व पीएफच्या वारसाच्या कागदावर कोणाकोणाची नावं आहेत ती एकदा मोठ्याने वाचा. ज्यांना तुम्ही खरंच पोसता, ती माणसं तिथं आहेत का?

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपली चिठ्ठी आणायची. ज्यांना मिळत नाही त्यांनी रिकाम्या हातांनी यायचं, अर्ज आपण तिथंच बसून लिहू. पेन मी आणते.